आधी कागद दाखवा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण हे व्याख्यान दरवर्षी योजता, त्यांनी या गावात पतसंस्था उभी केली आणि प्रत्येक सभासदाला स्वतःच्या पासबुकातली नोंद वाचता आली पाहिजे हा आग्रह अखेरपर्यंत सोडला नाही. म्हणून आज मी कर्जाबद्दल बोलायचे ठरवले. मात्र विषय आहे तो कधी न घेतलेल्या, केव्हाच फेडून झालेल्या किंवा भलत्याच माणसाने मागितलेल्या कर्जाचा. वसुली अधिकारी असल्याची बतावणी करून फोनवरून लोकांना लुटणाऱ्या टोळ्यांचा.

माझी सगळी नोकरी सहकारी बँकेच्या वसुली विभागात गेली. थकबाकीदाराच्या दारात उभे राहणे, नोटीस बजावणे, पंचनामा करणे, जप्तीला जाणे हे सारे मी केलेले आहे. ते काम कुणालाच आवडत नाही, पण खरी वसुली कशी चालते हे त्यातून अंगवळणी पडते. आज लोकांना येणारे फोन मी ऐकतो, त्यांची रेकॉर्डिंग लोक माझ्याकडे घेऊन येतात, तेव्हा पहिली गोष्ट जाणवते ती ही की वसुलीची जी रीत आम्ही शिकलो, त्यातली एकही खूण त्या फोनमध्ये नसते.

हा फोन साधारण असा असतो. बोलणारा हिंदीत किंवा हिंदीमिश्रित मराठीत सुरुवात करतो. “लीगल डिपार्टमेंटमधून बोलतोय.” तुमचे पूर्ण नाव घेतो, जन्मतारीख सांगतो, पॅनची शेवटची चार अक्षरे सांगतो. तुमच्या नावावर अमुक हजारांचे लोन थकले आहे, फाइल कोर्टात गेली आहे, वॉरंट निघाले आहे, आज संध्याकाळपर्यंत पैसे भरले नाहीत तर पोलीस घरी येतील. तुम्ही घाबरला आहात हे त्याच्या लक्षात आले की आवाज मऊ होतो. “बघा, मी साहेबांशी बोलतो. निम्म्यात सेटलमेंट करून देतो. पण आत्ताच करावे लागेल, फोन ठेवू नका.” मग व्हॉट्सॲपवर एक क्यूआर कोड येतो किंवा कुणाचा तरी यूपीआय क्रमांक येतो. सोबत बँकेचे बोधचिन्ह आणि लाल शिक्का असलेली ‘नोटीस’ येते. पैसे गेले की दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. आता प्रोसेसिंग फी, मग ‘एनओसी’चे पैसे, मग जीएसटी.

आमच्या पतसंस्थेत एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आले होते. त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी दुचाकीसाठी एका खासगी वित्त कंपनीकडून कर्ज घेतले होते आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडले होते. फोनवरच्या माणसाला गाडीचा क्रमांक माहीत होता, कर्जाचे वर्ष माहीत होते. म्हणून यांना वाटले, एखादा हप्ता आपल्याकडून खरेच राहिला असेल. मुलाला सांगितले नाही. सुनेला कळू नये म्हणून गच्चीवर जाऊन बोलले. तीन वेळा पैसे पाठवले आणि चौथ्यांदा पतसंस्थेतली ठेव मोडायला आले, तेव्हा आमच्या खिडकीवरच्या मुलीने विचारले, “काका, एवढी घाई कसली?” या एका प्रश्नाने ते रडायला लागले. कर्ज पूर्ण फिटल्याचा बेबाकी दाखला त्यांच्या घरी लोखंडी पेटीत जपून ठेवलेला होता. तो काढून बघावा हे त्या चार दिवसांत एकदाही त्यांच्या मनात आले नाही. ज्या माणसाने तीसेक वर्षे तिकिटाच्या पैशाचा हिशेब रोज चोख दिला, त्याला स्वतःच्या हिशेबाबद्दल शंका आली. या टोळ्या अब्रूला हात घालतात आणि अब्रू जपणारा माणूस त्यांना सर्वात आधी बळी पडतो.

त्यांना आपली माहिती कुठून मिळते, असे लोक विचारतात. कर्जासाठी दिलेल्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यांतून, एजंटांनी विकलेल्या याद्यांतून, फुटलेल्या डेटातून, आणि सर्वात जास्त म्हणजे आपण स्वतः मोबाईलवर परवानगी दिलेल्या ॲपमधून. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने जानेवारी आणि फेब्रुवारी २०२१ या दोन महिन्यांत ८१ ॲप स्टोअर तपासली. त्यांत कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप आढळली आणि त्यांतली सुमारे ६०० बेकायदेशीर होती. सात दिवसांसाठी चार-पाच हजार द्यायचे, त्यातलेच हजार-दीड हजार आधी कापून घ्यायचे आणि फोनमधली सगळी नावे, सगळे फोटो उचलायचे, अशी त्यांची पद्धत होती. मग आईला, मेहुण्याला, शाळेच्या मुख्याध्यापकांना संदेश जायचे, की हा माणूस चोर आहे. बायकांचे फोटो विद्रूप करून पाठवले जायचे. २०२० च्या अखेरीस तेलंगणातून या छळामुळे झालेल्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि २३ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेने अशा ॲपपासून सावध राहण्याचे निवेदन काढले. ही ॲप नंतर काढली जातात, नाव बदलून परत येतात. पण एकदा उचललेली यादी बाजारात फिरत राहते. म्हणून फोनवरच्या माणसाला तुमचे नाव, गाव, पॅन, जुने कर्ज माहीत आहे, याचा अर्थ तुमची माहिती फुटली आहे एवढाच. तुम्ही त्याचे देणे लागता हे त्यातून सिद्ध होत नाही.

हा धंदा फक्त आपल्याकडचा नाही, आणि एक गोष्ट दुःखाने सांगावी लागते की तो आपल्या भागातूनही चालला आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असा एक उद्योग न्यायालयामार्फत बंद पाडला. भारतातल्या कॉल सेंटरांमधून अमेरिकेतल्या लोकांना कर्जवसुलीचे फोन जात होते. दोन वर्षांच्या आत किमान ६ लाख क्रमांकांवर २७ लाखांहून अधिक फोन झाले होते आणि ५० लाख डॉलरहून जास्त रक्कम उकळली गेली होती. ज्यांनी इंटरनेटवर छोट्या मुदतीच्या कर्जाची नुसती चौकशी केली होती, तेही लोक त्यांच्या यादीत होते. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथे नोकरीला लागलेली तरुण मुले अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तिकडच्या लोकांना अटकेची धमकी देत होती आणि गिफ्ट कार्डांवर पैसे घेत होती. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने ६१ व्यक्ती आणि संस्थांवर आरोप ठेवले. त्यात अहमदाबादची पाच कॉल सेंटरे होती. त्या प्रकरणात लुटले गेलेल्यांमध्ये दक्षिण आशियातून तिकडे स्थायिक झालेले लोकही पुष्कळ होते. तुमच्यापैकी अनेकांची मुले तिकडे आहेत, त्यांच्यासाठी एक माहिती देतो. अमेरिकेत १९७७ पासून कर्जवसुलीचा स्वतंत्र कायदा आहे. वसुली करणाऱ्याने पहिल्या संपर्कानंतर पाच दिवसांत कर्जाचा तपशील लेखी द्यायचा असतो आणि कर्जदाराला त्यावर हरकत घ्यायला तीस दिवस असतात. लेखी तपशील मागताच जो चिडतो, त्याच्याशी पुढे बोलायचे कारण उरत नाही.

लेखी तपशिलाचा हा हक्क आपल्याकडेही आहे, आणि तो आयता मिळालेला नाही. त्याची कथा इथून फार लांबची नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांची दुकाने आणि घरे गाठली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि खतावण्या. ते मिळाले तिथे त्यांनी त्यांची होळी केली. सावकारांच्या जिवावर उठण्याचे प्रकार फार थोडे झाले, रोखे हातात पडले की जमाव बहुतेक ठिकाणी शांत होई. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. दख्खनचे दंगे म्हणून आपण ते शिकतो. त्यामागे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात चढलेले आणि नंतर कोसळलेले कापसाचे भाव होते, वाढवलेला शेतसारा होता, अचानक आटलेली पत होती. आणखी एक कारण होते, आणि आजच्या विषयाशी त्याचा जवळचा संबंध आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जावर दावा लावायला तीन वर्षांची मुदत ठरवली. कर्जदाराच्या रक्षणासाठी केलेल्या या तरतुदीचा उलटाच परिणाम झाला. सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले आणि रयत न वाचता अंगठा उठवू लागली. कागद होता, पण तो सावकाराच्या घरात होता आणि त्यात काय लिहिले आहे हे ज्याचे कर्ज त्यालाच ठाऊक नव्हते.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्या कायद्याने शेतकरी कर्जदाराला भरलेल्या रकमेची लेखी पावती मागण्याचा, हिशेबाचा उतारा मागण्याचा आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा तसाच मान्य न करता मागच्या साऱ्या व्यवहारात जाऊन हिशेब तपासावा असे सांगितले. आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालच्या न्यायालयांचे काम तपासत या जिल्ह्यांत दौरे केले. ज्या १८७५ साली सुप्याला रोखे जळाले, त्याच साली रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज आपण ज्या प्रकारच्या व्यासपीठावर जमलो आहोत, तो प्रकार आणि कर्जदाराचा हिशेब मागण्याचा हक्क, या दोन्ही गोष्टी आपल्या समाजात एकाच काळात रुजल्या.

त्या कायद्यात दोष होते, त्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण त्याने जे तत्त्व घालून दिले ते पुढे टिकले. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात परवाना, पावती आणि हिशेब यांची सक्ती होती, २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यातही ती आहे, आणि कर्जदाराचा छळ हा गुन्हा आहे. सुप्याच्या रयतेला न वाचता येणारा कागद भोवला. आज आपल्याला लुटणारा माणूस कागद मुळीच येऊ देत नाही, किंवा आलाच तर वाचायला वेळ देत नाही. म्हणून माझे आजचे सांगणे एवढेच आहे: पैशाचा विचार करण्याआधी कागद मागा.

आता खरी वसुली कशी होते ते सांगतो. हप्ता चुकला की आधी स्मरणाचा संदेश आणि फोन येतो, पत्र येते. ९० दिवस थकले की खाते अनुत्पादक ठरते. पतसंस्था किंवा सहकारी बँक असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडे अर्ज जातो, कर्जदार आणि जामीनदारांना नोटीस निघते, त्यांना म्हणणे मांडायला संधी मिळते, मगच वसुली दाखला मिळतो. त्यानंतर कलम १५६ खाली वसुली अधिकारी मागणी नोटीस देतो आणि मग जप्तीची पाळी येते. मालमत्ता तारण असेल आणि बँक सरफेसी कायद्याखाली गेली तर ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. तारण नसेल तर दिवाणी दावा, लवाद किंवा लोकअदालत. लोकअदालत ही तडजोडीसाठी असते, ती कुणालाही अटक करू शकत नाही. या साऱ्या वाटेवर प्रत्येक टप्प्याला कागद आहे, तारीख आहे, सही आहे, जावक क्रमांक आहे. मी इतकी वर्षे वसुली केली. ‘आज चार वाजेपर्यंत’ असे मला कुणालाही म्हणता आले नसते, कारण तसा अधिकार मला कुठल्याच कायद्याने दिला नव्हता.

अटकेच्या धमकीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण माणसे मोडतात ती तिथेच. कर्ज थकणे हा दिवाणी मामला आहे. निव्वळ ऐपत नाही म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात सांगितले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा तो निकाल आहे. ज्याची ऐपत असून जो जाणूनबुजून बुडवतो, त्याच्यासाठी दिवाणी कैदेची तरतूद आहे, पण तीही न्यायालयात सुनावणी होऊनच. चेक न वटला किंवा हप्त्याचा ऑटो-डेबिट परत गेला तर मात्र फौजदारी तक्रार होऊ शकते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तिथेही आधी लेखी नोटीस येते, ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरण्याची मुभा असते आणि त्यानंतरच तक्रार दाखल करता येते. फोनवर कुणालाही अटक होत नाही. व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून बसलेला माणूस पोलीस नसतो. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. ज्याचे हप्ते खरोखरच थकले आहेत त्याचे काय? खोटे फोन त्यालाही येतात, आणि खरे वसुली एजंटही कधीकधी त्याच भाषेत बोलतात. हे मी त्या धंद्यात राहिलेला माणूस म्हणून सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गुंड लावून होणाऱ्या वसुलीवर कडक ताशेरे ओढले, रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये वसुली एजंटांसाठी नियम काढले आणि १२ ऑगस्ट २०२२ ला पुन्हा बजावले की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, नातेवाईक आणि मित्रांच्या खासगी आयुष्यात शिरायचे नाही. एवढे वारंवार सांगावे लागते याचा अर्थ उघड आहे. तेव्हा फोनवर शिवी देणारा माणूस खराही असू शकतो.

म्हणून मी लोकांना सांगतो की समोरचा खरा की खोटा हे फोनवर ठरवायच्या फंदात पडूच नका. त्याची गरजच नाही. खरा असेल तरी त्याला लेखी द्यावे लागेल, खोटा असेल तर तो देऊ शकणार नाही. दोघांनाही उत्तर एकच. “कर्ज खाते क्रमांक, संस्थेचे नाव, थकबाकीचा तपशील आणि तुम्हाला दिलेले अधिकारपत्र लेखी पाठवा. मी शाखेत जाऊन बघतो.” एवढे बोलून फोन ठेवायचा. वाद घालायचा नाही, माझे कर्ज नाही हे पटवत बसायचे नाही, आणि आहे असेही म्हणायचे नाही. आपला जन्मदिनांक, आधार, ओटीपी ‘पडताळणीसाठी’ सांगायचा नाही. त्याने पाठवलेली लिंक उघडायची नाही, त्याने सांगितलेले स्क्रीन दाखवणारे ॲप घ्यायचे नाही, आणि त्याने दिलेल्या क्रमांकावर उलट फोन करून खात्रीही करायची नाही. क्रमांक आपल्या पासबुकावरून, कर्जाच्या कराराच्या कागदावरून किंवा शाखेतून घ्यायचा.

शाखेत गेल्यावर काय विचारायचे? कर्ज ॲपवरून घेतले असेल तर रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे वसुली कोणाकडे सोपवली आहे, हे संस्थेने कर्जदाराला आधी कळवायचे असते. तेव्हा हे नाव तुमच्या यादीत आहे का, असे सरळ विचारा. त्याच नियमांनी हेही ठरवले आहे की कर्जाचा पैसा कर्जदाराच्या खात्यात आणि परतफेड थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात गेली पाहिजे, मध्ये तिसऱ्याचे खाते येता कामा नये. म्हणून एखाद्या व्यक्तीच्या नावाच्या यूपीआयवर पैसे मागितले गेले की तिथेच थांबा. ॲपला तुमच्या फोनमधली नावांची यादी आणि फोटो बघण्याचाही अधिकार या नियमांनी ठेवलेला नाही.

आपल्या नावावर आपल्याला न सांगता कुणी कर्ज काढले असेल, अशी भीती असेल तर तीही तपासता येते. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार संस्थांकडून दरवर्षी एकेक संपूर्ण अहवाल प्रत्येकाला मोफत मिळतो. त्यात आपल्या पॅनवरची सगळी कर्जे दिसतात. भलते कर्ज दिसले तर त्या संस्थेकडे लेखी हरकत नोंदवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आमच्या पतसंस्थेत काही जणांनी हा अहवाल काढला आणि नुसता तो कागद हातात आल्याने त्यांची झोप परत आली.

पैसे गेलेच असतील तर पहिला तास मोलाचा. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि कोणत्या खात्यात गेले ते सांगा. ते पैसे पुढच्या खात्यात जाईपर्यंत गोठवता येतात, उशीर झाला की ते दहा खात्यांत फुटतात. त्यानंतर केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोलीस ठाण्यात जा. पैसे गेले नाहीत, नुसता फोन आला असला, तरी सरकारच्या संचार साथी पोर्टलवरील ‘चक्षू’ सुविधेवर तो क्रमांक कळवा. धमकावून पैसे मागणे हा खंडणीचा गुन्हा आहे आणि तोतयेगिरी हाही गुन्हा आहे. भारतीय न्याय संहिता आणि माहिती तंत्रज्ञान कायदा दोन्हींत त्याला शिक्षा आहे. तक्रारीसाठी पुरावा लागतो, म्हणून रागाच्या भरात संदेश पुसून टाकू नका. खरी बँक किंवा वित्त कंपनी छळ करत असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर चौकशी करता येते.

या साऱ्या क्रमांकांइतकीच, किंबहुना जास्त गरज असते ती घरातल्या माणसांच्या वागण्याची. तुमच्या मोबाईलवर कधीतरी संदेश येईल की तुमचा पुतण्या, तुमची सहकारी शिक्षिका, तुमच्या वाडीतला पोरगा फरार आहे, त्याने तुमचे नाव रेफरन्स म्हणून दिले आहे. लक्षात घ्या, जामीनदार म्हणजे बँकेच्या जामीनपत्रावर सही केलेला माणूस. कुणीतरी यादीत नाव दिले म्हणून तुम्ही जामीनदार होत नाही. त्या संदेशाला उत्तर देऊ नका, तो ग्रुपवर टाकू नका. ज्याच्याबद्दल तो आला आहे त्याला एकट्याला फोन करा आणि पहिले वाक्य हे बोला की मला असा संदेश आला आहे, माझा त्यावर विश्वास नाही, तू ठीक आहेस ना? ज्यांनी या छळात जीव दिला, त्यांच्यापर्यंत हे वाक्य वेळेवर पोचले नाही. फोटो विद्रूप करून पाठवला असेल तर त्या मुलीने पैसे भरून तो थांबत नाही. त्याची तक्रार करायची आणि घराने तिच्या बाजूने उभे राहायचे. मन फार खचले असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ क्रमांकावर कधीही बोलता येते, मराठीतही.

शेवटी, या सभागृहात बँकांचे आणि पतसंस्थांचे जे पदाधिकारी बसले आहेत त्यांच्याशी बोलतो, कारण मी त्यांच्यातलाच आहे. कर्जदाराने सावध राहावे असे सांगणे सोपे आहे. पण आपल्या संस्थेचा फोन आणि ठकाचा फोन यांत त्याला फरक करता येत नसेल, तर तो दोष त्याचा नाही, आपला आहे. रात्री नऊला फोन करणारा, जामीनदाराच्या ऑफिसात ओरडणारा, पावती न देता रोख घेणारा एजंट आपण ठेवला, तर ठकाला तशीच भाषा वापरणे सोपे जाते. म्हणून माझी मागणी आहे, आणि येत्या वार्षिक सभेत सभासदांनी ती ठरावाने मांडावी. वसुलीसाठी नेमलेल्या प्रत्येकाचे नाव, फोटो आणि संस्थेचा फोन क्रमांक शाखेच्या फलकावर मराठीत लावा. वसुलीचा पैसा संस्थेच्या खात्यातच येईल, व्यक्तीच्या खात्यात कधीही येणार नाही, हे पासबुकाच्या पहिल्या पानावर छापा. कर्ज फिटले की त्याच आठवड्यात बेबाकी दाखला सभासदाच्या हातात द्या, तो मागायला येईपर्यंत थांबू नका. आणि फोनवर कागद मागणाऱ्या सभासदाला उद्धट समजू नका. तो त्याचा हक्क बजावतो आहे.